आठ हजारचा दगड बदलताना

वस्तरा नीट सांभाळला तर दोन पिढ्यांना पुरतो. त्याला धार लावणारा दगड तेवढा टिकत नाही, आणि त्याने टिकावं अशी अपेक्षाही नसते. वरचे बोथट कण सुटून जातात, खालचे ताजे कण उघडे पडतात, म्हणून तर तो कापतो. तेव्हा घरी वस्तऱ्याने दाढी करणाऱ्यावर कधी ना कधी दगड बदलायची पाळी येतेच. कधी दगड झिजून पातळ होतो, कधी ओल्या हातातून निसटून फरशीवर पडतो, कधी कंपनीच तो बनवायचं बंद करते. मग आपण काय करतो? जुन्या खोक्यावरचा नंबर वाचतो आणि त्याच नंबरचा दुसरा मागवतो. आठ हजारचा गेला, आठ हजारचा आणला. हिशेब बरोबर वाटतो, पण दगडांच्या नंबरांचा हिशेब इतका सरळ नाही.

नॉर्टन कंपनीचा जोडदगड घ्या. एका अंगाला ४०००, दुसऱ्या अंगाला ८०००, आठ इंच लांब आणि तीन इंच रुंद. अमेरिकेत वस्तरा पाजवायला शिकणाऱ्या कित्येकांचा पहिला दगड हाच असतो. त्याची चार हजारची बाजू मऊ आहे. ती लवकर खोलगट होते, म्हणून वारंवार सपाट करावी लागते, आणि दर वेळी थोडी थोडी संपत जाते. आठ हजारची बाजू चांगली शाबूत असताना चार हजारची तळाला लागते. आता याच्या जागी काय आणायचं? जपानी दगडांच्या यादीत ४००० आणि ८००० हे दोन्ही नंबर सापडतात. ते सरळ उचलले तर काम बिघडण्याचीच शक्यता जास्त.

नंबर मोठा तितका कण बारीक, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण ८००० म्हणजे नेमका किती बारीक? जपानच्या औद्योगिक मानकात ८००० नंबरच्या कणांचा मध्यम आकार १.२ मायक्रॉनच्या आसपास धरला आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. शाप्टन ही जपानी कंपनी काचेवर बसवलेल्या आपल्या ८००० च्या दगडासाठी १.८४ मायक्रॉन हा आकडा देते. नॉर्टनच्या ८००० साठी दिला जाणारा आकडा आहे ३ मायक्रॉन. म्हणजे नॉर्टनचा आठ हजारचा दगड जपानी मानकाने मोजला तर चार हजारच्या घरात बसतो. आणि नॉर्टनचा ४००० नंबर ६ मायक्रॉनचा, म्हणजे जपानी दोन हजाराच्या जवळ.

आता समजा फक्त आठ हजारची बाजू बदलायची आहे आणि आपण जपानी मानकातला ८००० आणला. जुन्या जोडीत ६ मायक्रॉनवरून ३ मायक्रॉनवर उतरायचं होतं, तेव्हा ओरखडे निम्म्याने बारीक करायचे होते. नव्या जोडीत ६ वरून १.२ वर, म्हणजे एकदम पाचपट खाली. नेहमीच्या हिशेबाने वीस-पंचवीस हात मारले की धार चमकते, आरशासारखी दिसते, पण भिंगाखाली धरली की त्या चमकेच्या मधूनमधून चार हजारचे जुने ओरखडे दिसतात. दाढी करताना ते ओरखडे जाणवतात. माणूस म्हणतो, नवा दगड चांगला नाही. दगड उत्तम असतो, त्याच्यावर दोन दगडांचं काम पडलेलं असतं.

नंबरांचा हा गोंधळ आपल्याकडे वॉटर पेपरमुळे आणखी वाढतो. गाडी रंगवणाऱ्याकडे मिळणाऱ्या पी-१००० कागदावरचा कण १८ मायक्रॉनच्या पुढे असतो. जपानी १००० चा दगड साडेअकरा मायक्रॉनचा. युरोपात दगडांसाठी आणि चाकांसाठी वापरतात त्या एफ-१००० चा कण साडेचार मायक्रॉनचा. नंबर एकच, आणि दोन टोकांमध्ये चौपट फरक. म्हणून बदलीचा दगड घेताना नंबर बाजूला ठेवून मायक्रॉन विचारावा. चांगल्या कंपन्या तो सांगतात. सांगत नसतील तर निदान कोणतं मानक धरलं आहे ते तरी कळतंच.

पण नुसत्या मायक्रॉननेही सगळं ठरत नाही. बेल्जियमच्या आर्देन भागातला कोटिक्यूल हा पिवळसर नैसर्गिक दगड त्याचा पुरावा आहे. त्यातले कापणारे कण गार्नेटचे, आणि ते चांगले ५ ते १५ मायक्रॉनचे असतात. नंबरात बसवायला गेलं तर तो भरड ठरेल. तरीही पिढ्यानपिढ्या लोक त्याच्यावर वस्तऱ्याची शेवटची धार काढत आले आणि तिने मऊ दाढी करत आले. गार्नेटचे कण गोलसर, बोथट कोनांचे असतात. ते पोलादात खोल रुतत नाहीत. कण किती मोठा आहे याच्या जोडीला तो कसा आहे आणि त्याला धरून कोण बसलंय, हेही पाहावं लागतं.

कणांची गोष्ट आधी. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन हा माणूस कृत्रिम हिरे बनवायच्या खटपटीत होता. माती आणि कोक यांच्या मिश्रणातून त्याने वीज सोडली आणि त्याला हिऱ्याऐवजी सिलिकॉन कार्बाइडचे कठीण, चमकदार स्फटिक मिळाले. त्यांचं व्यापारी नाव कार्बोरंडम. हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक असा जो करडा-काळा दगड मिळतो, सुतार ज्याच्यावर तेल टाकून पटाशी घासतो, तो याच घराण्यातला. त्याची बारीक बाजूसुद्धा वस्तऱ्याला फार भरड पडते; तिच्या वाटेला न गेलेलं बरं. वस्तऱ्याच्या आजच्या बहुतेक दगडांत पांढरा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतो, म्हणजे शुद्ध केलेला कृत्रिम कुरुंद. तो सिलिकॉन कार्बाइडपेक्षा किंचित कमी कठीण, पण पोलादावर नितळ चालतो.

घासायच्या मालाचा उद्योग आपल्याकडे नाही असं मुळीच नाही. उरणजवळच्या मोरा इथे १९४१ पासून ग्राइंडिंगची चाकं बनत आली आहेत. ती बनवणारी ग्राइंडवेल कंपनी पुढे नॉर्टनशी जोडली गेली. चेन्नईची कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ ची. पण त्यांचं खरं गिऱ्हाईक कारखाने. वस्तऱ्याच्या शेवटच्या पायऱ्यांचे अतिबारीक दगड आपल्याकडचे हौशी लोक बाहेरूनच मागवतात.

आता बांधणी. कृत्रिम दगड म्हणजे कण आणि ते धरून ठेवणारा मसाला. बदलीचा दगड निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ या मसाल्यावर घालवतो, कारण हाताला जो फरक जाणवतो तो बहुतेक इथूनच येतो. किंग या ब्रँडचे जुन्या वळणाचे दगड मऊ बांधणीचे. ते वापरण्याआधी पाण्यात भिजत घालावे लागतात, घासले की भरपूर गाळ सोडतात आणि लवकर खोलगट होतात. नानिवा कंपनीचे सुपर स्टोन राळेत बांधलेले असतात. त्यांच्यावर पाणी शिंपडलं की काम सुरू. हाताला ते गुळगुळीत, किंचित लवचिक लागतात, आणि धार पुढे करून दाब दिला तर ती दगडातच रुतते. नानिवाच्याच चोसेरा मालिकेची बांधणी मॅग्नेशियाची. ते दगड झपाट्याने कापतात, पण तासन्‌तास पाण्यात ठेवले तर मसाला खराब होतो आणि घाईने वाळवले तर तडे जातात. ओला दगड गॅलरीत उन्हात ठेवायची आपली सवय या जातीला चालत नाही. सावलीत, काठावर उभा करून वाळू द्यावा. शाप्टनचे दगड कठीण. भिजवायचे नाहीत, झिजतात सावकाश, सपाट राहतात जास्त दिवस.

स्वयंपाकघरातली सुरी पाजवणारे मऊ, गाळ सोडणाऱ्या दगडाची तारीफ करतात, आणि त्यांच्यापुरतं ते खरंही आहे. वस्तऱ्याचं गणित निराळं. गाळातले सुटे कण पुढे येणाऱ्या धारेवर समोरून आपटतात. सुरीला ते कळतही नाही, पण जिची टोकाची जाडी एका मायक्रॉनहूनही कमी करायची आहे त्या धारेला ते गोल करतात. म्हणून पहिल्या पायरीवर गाळ चालेल. शेवटच्या पायरीवर दगड कठीण हवा आणि पाणी स्वच्छ. सुऱ्यांच्या शौकिनाने सुचवलेला बदलीचा दगड वस्तऱ्यासाठी घेण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

सपाटपणाचंही तसंच. सुरीचा कोन हातात असतो, वस्तऱ्याचा कोन पात्याच्या पाठीत असतो. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवून पातं सरकवायचं, की कोन आपोआप येतो. पातं १८ मिलिमीटर रुंद आणि पाठ ५ मिलिमीटर जाड असेल तर तो कोन सुमारे १६ अंशांचा होतो. पाठ झिजू नये म्हणून काही जण तिच्यावर इन्सुलेशन टेपची एक पट्टी लावतात. तेवढ्यानेही कोन जवळजवळ एका अंशाने वाढतो. पाठीच्या दोन्ही बाजू मिळून पाव मिलिमीटरहून थोड्या जास्त जाडीचा हा परिणाम. खोलगट दगड काय करत असेल याचा अंदाज यावरून बांधता येतो. पुन्हा, टेप हजारच्या दगडावर लावली आणि आठ हजारवर काढली, तर वरचा दगड धारेला पोचतच नाही, तो उताराच्या मागच्या भागावर घासत बसतो. त्यामुळे जुन्या दगडाबरोबर टेप वापरत असाल तर नव्याबरोबरही तीच ठेवा, नाहीतर कोणाचा दोष कोणाच्या माथी मारला जाईल ते सांगता येणार नाही.

रुंदीबद्दल थोडंच सांगतो. पातं साधारण सात सेंटिमीटर लांब असतं, आणि बहुतेक दगड सात सेंटिमीटर किंवा त्याहून जरा जास्त रुंद असतात. याहून अरुंद दगड असेल तर पातं तिरकं ओढत न्यावं लागतं. ते जमतं, किंबहुना किंचित वाकडं पातं तसंच पाजवावं लागतं, पण बदलीचा दगड जुन्यापेक्षा अरुंद घेऊन सवय मोडण्यात काही अर्थ नाही.

संचातला कोणता दगड गेला यावर पुढचं अवलंबून. सगळ्यात खालचा, हजारच्या आसपासचा गेला असेल तर तिथे हात आखडू नये. वस्तऱ्याची धार खरी तिथेच तयार होते. पात्याच्या दोन बाजूंचे उतार एका रेषेत भेटवणं, ज्याला बेव्हल बसवणं म्हणतात, ते काम वरचा कुठलाही दगड करू शकत नाही. वरचे दगड फक्त घासून उजळ करतात. हजारचा दगड वेगाने कापणारा आणि सपाट राहणारा हवा. नानिवाचा चोसेरा किंवा शाप्टनचा १००० इथे नाव कमावून आहेत. किंगचा स्वस्त पडतो आणि चालतोही, फक्त तो सतत सपाट करत राहायची तयारी हवी.

मधला गेला तर मी लगेच काही घेणार नाही. खालचा आणि वरचा दोन्ही दगड झपाट्याने कापणारे असतील तर मधल्याशिवायही भागतं, फक्त वरच्यावर हात जास्त मारावे लागतात. घ्यायचाच असेल तर मध्यावरचा न घेता खालच्याच्या जवळचा घ्यावा असं माझं मत. हजार आणि आठ हजारच्या मध्ये जपानी मोजमापाचा ३००० मला ५००० पेक्षा बरा वाटतो. मधल्या दगडाचं मुख्य काम हजारचे खोल ओरखडे पुसणं. ते भरड दगड लवकर करतो आणि बारीक दगड कंटाळा आणतो. नॉर्टनचा ४००० संपला असेल तर त्याची खरी बदली जपानी २००० ते ३००० मध्ये शोधावी, हे वरच्या आकड्यांवरून दिसतंच आहे.

शेवटचा दगड हा हौसेचा प्रांत. नानिवाचा १२०००, सुएहिरोचा गोकुम्यो २००००, शाप्टनचा ३००००, ज्याचा कण अर्ध्या मायक्रॉनहूनही बारीक. पैसे सगळ्यात जास्त इथे जातात. आणि गंमत अशी की बऱ्याच वेळा गरज नसताना जातात. दाढी ओढायला लागली की माणूस वरचा दगड बदलतो, आणि बिघाड असतो तळाला. म्हणून दगड मागवण्याआधी एक साधी तपासणी करावी. काळ्या मार्करने दोन्ही बाजूंचा उतार टोकापर्यंत रंगवायचा, शाई वाळू द्यायची आणि आपल्या संचातल्या सर्वांत वरच्या दगडावर दोन-तीन हलके हात मारायचे. मग दिव्याखाली सोनारी भिंगातून पाहायचं. शाई सगळीकडून, अगदी धारेच्या कडेपर्यंत गेली असेल तर दगड पोचतोय. कडेला काळी बारीक रेघ उरली असेल तर उतार अजून गोलसर आहे, आणि वीस हजारचा दगड आणला तरी ती रेघ जाणार नाही. दुसरी खूण प्रकाशाची. धार वर करून दिव्याकडे धरली असता नीट बसलेली धार दिसतच नाही. कुठे पांढरा ठिपका चमकला तर तिथे सपाटी किंवा खाच आहे. दोन्ही वेळा उपाय एकच, पुन्हा हजारवर जायचं.

हे सगळं पूर्वी गावच्या न्हाव्याला विचारता आलं असतं. त्याच्या धोकटीत वस्तऱ्याबरोबर दगड असायचा, आणि चामोटीवर वस्तरा फटफट फिरवल्याशिवाय दाढीला हात लागत नसे. गेल्या शतकाच्या शेवटी एड्सच्या भीतीने दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड हा नियम झाला, वस्तऱ्यात अर्धं ब्लेड बसलं, आणि ते योग्यच झालं. पण त्याबरोबर दगडाची पारखही दुकानांतून गेली. उरला रस्त्यावरचा चाकवाला धारवाला. विळी, कात्री, कोयता त्याच्याकडे जरूर द्यावा, वस्तरा देऊ नये. कोरड्या फिरत्या चाकावर वस्तऱ्याची कागदासारखी पातळ कड क्षणात तापते, पोलाद निळं पडतं, आणि तिथला कडकपणा गेला की तो भाग घासून टाकण्यावाचून इलाज नसतो.

नवा दगड घरी आल्यावर पहिलं काम त्याला सपाट करणं. नवा आहे म्हणजे सपाट आहे असं धरून चालू नये. दगड ओला करण्याआधी त्याच्यावर शिसपेन्सिलीने चौकटी आखाव्यात. मग जाड काचेवर वॉटर पेपर पसरून, पाणी घालून दगड त्याच्यावर फिरवावा, किंवा हिऱ्याची पाटी असेल तर ती दगडावर फिरवावी. पेन्सिल आधी कडांवरून जाते आणि मधे राहते, किंवा उलट. ती सगळीकडून पुसली गेली की दगड सपाट. मग चारही कडा थोड्या घासून बोथट कराव्यात, कारण दगडाच्या तीक्ष्ण कडेवर पात्याचं टोक आपटलं तर धारेला खाच पडते. शेवटी दगड खळखळून धुवावा. वॉटर पेपरचा एखादा भरड कण दगडात अडकून राहिला तर बारा हजारच्या दगडावर चारशेचा ओरखडा उमटतो. त्याच कारणाने एका दगडावरून दुसऱ्यावर जाताना वस्तरा आणि बोटं दोन्ही धुवायची.

पारखायला वस्तरा मात्र ओळखीचा घ्यावा, ज्याची धार जुन्या दगडावर चांगली येत होती असा. चोरबाजारातून नुकताच आणलेला गंजका वस्तरा नव्या दगडाच्या परीक्षेला बसवला तर दोघांपैकी कोण नापास झालं ते कळणार नाही. खालचे दगड तेच, टेप तीच, चामोटी तीच, साबणही तोच. बदल फक्त एका दगडाचा. चामोटीवर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावत असाल तर पहिल्या काही दाढ्यांना ती नको. ती पेस्ट बिघडलेली धारही तात्पुरती सावरते आणि दगडाचा दोष झाकते. शिवाय नव्या दगडाचा अगदी वरचा थर काही वेळा आतल्या दगडापेक्षा वेगळा चालतो, जास्त कडक किंवा जास्त खरखरीत. दोन-तीनदा सपाट केल्यावर तो आपल्या खऱ्या चालीला येतो. तेव्हा पहिल्याच दाढीनंतर दगड परत पाठवायची घाई नको.